बारावं कडं

आमच्या कचेरीत दोनच प्रकारची माणसं येतात. एकाला सोनाराचा संशय असतो, दुसऱ्याला सासरच्यांचा. दुसरी जास्त येतात.

मी तिथं सव्वीस वर्षं पारखी होते. काम सांगायला सोपं. समोर आलेला डाग कसाला लावायचा, हजारात किती भाग सोनं आहे ते ठरवायचं, आणि बनवणाऱ्यानं सांगितलं तेवढं भरलं तर त्यावर ठसा मारायचा. डाग म्हणजे दागिना. आमच्या धंद्यात दागिन्याला डाग म्हणतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

खोलीला एकच मोठी खिडकी, उत्तरेची, कारण सोन्याचा रंग बघायला उन्हाचा उजेड चालत नाही. खिडकीखाली माझं टेबल. त्यावर तळहाताएवढा काळा दगड, तेजाबाच्या तीन बाटल्या आणि टोकाला ठरावीक कसाचं सोनं लावलेल्या चोवीस काड्या. डाग दगडावर घासायचा, शेजारी काडी घासायची, दोन्ही रेघांवर तेजाब सोडायचं. जी काडी डागाच्या रेघेइतकीच टिकते, तिचा आकडा तो डागाचा आकडा. कोपऱ्यात लाकडाच्या ठोकळ्यावर ऐरण, भिंतीला कातर, आणि कातरीच्या वर काचेत लावलेली कायद्याची चार कलमं. सव्वीस वर्षं पाठ होती: ठशाहून डाग कमी भरला तर तो मालकासमोर कापावा. बनवणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा. ठसा मारणाऱ्याचा पंच ऐरणीवर ठेचून त्याचं तोंड बुजवावं. दोघांवर खटला भरावा.

प्रत्येक डागावर तीन खुणा असतात. बनवणाऱ्याची, आकडा, आणि पारख्याची. माझी खूण त्रिकोण, ठसा मारायच्या लोखंडी पंचाच्या तोंडावर कोरलेला. त्याचा एक कोपरा फार वर्षांपूर्वी ऐरणीवर घसरून बोथट झाला, तो तसाच राहिला. माझ्या हातचा ठसा मी अंधारात बोटानं ओळखला असता.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या वरच्या दातांत डावीकडे एक दात सोन्याचा होता. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, दिलेल्या सोन्याचा. भांडायला आलेल्या माणसाकडे बघून मी आधी हसायची. निम्मे वाद तिथंच मिटायचे. बाईच्या तोंडातच माल आहे म्हटल्यावर माणूस जरा जपून बोलतो.

सेवेचे तीन महिने उरले होते. त्या सोमवारी दुपारी समोरच्या बेकरीची मालकीण आली. तिच्याकडून मी रोज पाव घेत होते, पण तिचा उजवा हात कधी नीट पाहिला नव्हता. तो कायम पिठात असायचा. आज तिनं तो टेबलावर ठेवला, मनगटापर्यंत धुतलेला, तरी नखांत पीठ होतंच. हातात जाडसर कडं.

"ताई, याचा कागद करून द्या. लेक चाललीय परमुलखात, तिला देणार आहे."

"काढा."

"निघतंय कुठं! अठरा वर्षं झाली. तेव्हा मनगट होतं, आता हा मैद्याचा गोळा आहे." ती हसली. "साबण लावून, तेल लावून, कसंही काढीन. पण आधी कागद हवा. लेक हट्टाची आहे. म्हणते, आई, बाबांनी तुला एवढं सोनं कुठून आणून दिलं गं? चार वर्षं झाली त्यांना जाऊन, आता कुणाला विचारू?"

मी भिंग लावलं. आतल्या बाजूला तीन खुणा. पान. नऊशे सोळा. त्रिकोण, एक कोपरा बोथट.

पान ही दादाची खूण.

कस मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे, पण त्याच्या पेटीत बाईचा हात घालता येत नाही. मी दगड तिच्या मनगटाजवळ नेला आणि कडं हातातच असताना घासलं. कड्याखाली कातडीवर बारीक हिरवट रेघ होती. सोन्याला कातडी हिरवी करता येत नाही. ते तांब्याचं काम.

"ही रेघ?"

"घामानं होते. भट्टीपुढं उभं राहून बघा, तुम्हीपण हिरव्या व्हाल."

तेजाब सोडलं. नऊशे सोळाच्या काडीची रेघ जागेवर राहिली. कड्याची रेघ फेसाळली आणि गेली. मी खालची काडी घेतली, मग त्याखालची. साडेसातशेला जुळली.

मी पुन्हा घासलं. साडेसातशे.

आपलंच नाणं खोटं म्हणतात ना, ते म्हणायला बरं असतं. समोर टेबलावर ते पडलं की माणूस तिसऱ्यांदा घासून बघतो. बेकरीवाली माझ्याकडे बघत होती. मी हसले नाही, आणि तिनं ते टिपलं.

"काय झालं?"

"तेजाब शिळं झालंय," मी म्हणाले. "उद्या या."

तेजाब त्याच सकाळी भरलेलं, ताजं होतं. तिला पावाचं ठाऊक, तेजाबाचं कुठून ठाऊक असणार! ती गेली. नोंदवहीत मी ओळ लिहिली नाही. सव्वीस वर्षांत अशी रिकामी सोडलेली ती पहिलीच ओळ. दगड रोज संध्याकाळी तेलानं पुसून ठेवायचा असतो. तोही पुसला नाही. कपाटात बंद केला आणि घरी गेले. घरी चहाला तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या पाण्यासारखी चव आली. भांडं बदललं. चव तीच.

मंगळवारी सकाळी कपाट उघडलं.

दगडावर कड्याची रेघ होती.

हे नीट सांगते, कारण यात चूक काढायची मी सगळी खटपट केली. तेजाबानं खाल्लेली रेघ परत येत नाही. दगडावर तिचा डाग राहतो, करडा, राखेसारखा. तो पुसला तरी जातो, पण सोन्याचा होत नाही. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. रेघ ज्या जागी होती त्याच जागी होती, टोकाला जिथं दगड जरा सरकला होता तिथं तशीच वाकडी. फक्त आता ती पिवळी होती.

मी उभी होते ती खाली बसले. भीती वाटली म्हणून नाही. लहानपणी दादाच्या कारखान्यात पहिल्यांदा सोनं ओतताना पाहिलं होतं. मुशीतून ती धार सुटते तेव्हा सगळे बोलायचे थांबतात, कुणी न सांगता. तसं झालं. बाहेर रस्त्यावर कोणी शटर वर करत होतं, त्याचा आवाजही मला जरा अगोचर वाटला.

दुपारी बेकरीवाली आली. मी घासलं. आठशे.

"गार लागतंय हो हल्ली," ती कड्यावरून बोट फिरवत म्हणाली. "भट्टीपुढं असले तरी गार."

मनगटावरची हिरवी रेघ फिकी झाली होती.

मी तिला पुन्हा उद्या यायला सांगितलं आणि आरशापुढं जाऊन ओठ वर केला. सोन्याच्या दाताच्या मुळाशी, हिरडीवर, केसाएवढी हिरवी रेघ होती.

बुधवारी ती आली तेव्हा आमचे साहेब खोलीत होते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पॉइंट लावल्याशिवाय एक आकडा तोंडातून काढणार नाहीत, म्हणून कचेरीत त्यांना सगळे दशांश म्हणतात. तापसुद्धा त्यांना शंभर पॉइंट चार येतो.

"बाई, एका कड्याला तीन दिवस?" ते म्हणाले. "निवृत्तीच्या आधी सोनं मुरवत ठेवताय की काय?"

"हात आहे साहेब, यंत्रात जात नाही."

"मग दगडावर विश्वास ठेवा की. तुम्हीच सांगता ना, दगडाला नातेवाईक नसतात."

ते गेले. मी घासलं. आठशे छप्पन. बेकरीवालीनं हात मागे घेतला नाही. तिनं मान खाली घालून, अगदी हळू विचारलं, "ताई, खोटं आहे का हो?"

मी तेजाबाच्या बाटलीला बूच लावलं.

"खोटं असलं तर कापतात ना? ते तिथं लिहिलंय, मी वाचलं काल. कापलं तर कापलं. पण आमच्या ह्यांनी मला एवढी एकच वस्तू दिली आयुष्यात. बाकी नुसत्या जबाबदाऱ्याच दिल्या." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "लेकीला कापलेलं सोनं कसं देऊ? मला खरं ते सांगा. पण एकदाच सांगा."

"परवा सांगते," मी म्हणाले. "शुक्रवारी. नक्की."

त्या संध्याकाळी अठरा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली, पानाच्या खुणेची बारा कडी सापडली. गुरुवारी सुट्टी टाकली आणि दादाकडे गेले. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचा. खिडकीशी खुर्चीत बसलेला असतो आणि त्याची बोटं हवेत कानस चालवत असतात. त्याच्या डोक्यावर भिंतीवर परवाना, काचेत. त्यानंच मला हा धंदा शिकवला. मला तो काटा म्हणतो, तराजूचा.

"ये काट्या. आज कशी वाट चुकलीस?"

"दादा, अठरा वर्षांपूर्वी तू एका दुकानासाठी बारा कडी केली होतीस. आठवतात?"

तो माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होता.

"दात दुखतोय का?" त्यानं विचारलं.

दाताबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते.

वहिनी चहा घेऊन आली. "वन्सं, घ्या, गार होतोय," म्हणाली आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून कप ठेवून निघून गेली. शहाणी आहे.

"दाताचं काय?" मी म्हणाले.

"तू पडलीस जिन्यावरून, दात तुटला. तीन आठवडे तोंडावर रुमाल धरून कामाला जायचीस. लोक काय काय विचारायचे. मला बघवेना. दंतवैद्य म्हणाला, दोन ग्रॅम सोनं द्या. घरात गुंजभर नव्हतं. कारखान्यात होतं ते या कड्यांचं." त्याची बोटं थांबली. "अकरा कडी एका ओतातली. बाराव्यातनं दोन ग्रॅम सोनं काढलं, दोन ग्रॅम तांबं घातलं. बारा ग्रॅमचं कडं बारा ग्रॅमचंच राहिलं."

"आणि माझ्यासमोर आणून ठेवलंस."

"तू एकच खरवडशील हे ठाऊक होतं."

इथं माझा गुन्हा सांगते. नियम असा की प्रत्येक डाग वेगळा तपासायचा. पण सगळे पारखी एक करतात: एका ओतातला, म्हणजे एकाच मुशीतून ओतलेला, माल असेल तर एकच खरवडून बघतात आणि बाकीच्यांवर ठसा मारतात. एक ओत, एक खरवड. भात शिजला का बघायला एकच शीत दाबतात, तसं. ओत एकच आहे हे कोण सांगतं? बनवणारा. मला ते दादानं सांगितलं होतं, आणि एक ओत, एक खरवड ही युक्तीही त्यानंच शिकवली होती.

"मी बारावंच उचललं असतं तर?"

"ते सगळ्यात खाली ठेवलं होतं. तू वरचंच घेतेस. माणूस वरचंच उचलतो."

मी त्याला कड्याचं सांगितलं, साडेसातशे, आठशे, आठशे छप्पन. हिशोबात पक्का माणूस, पण त्यानं कसं, का, काही विचारलं नाही. फक्त तोंड उघडायला सांगितलं आणि खिडकीच्या उजेडात दाताकडे बघितलं. ओतणाऱ्या मुशीकडे बघावं तसं.

"परत चाललंय," तो म्हणाला.

"उद्या मी साहेबांना सांगणार आहे. लिहून देणार आहे."

"परवाना घेऊन जा, तो माझाच गुन्हा." त्यानं वर पाहिलं. "पण तुझा पंच गं, काट्या?"

"तोही."

शुक्रवारी मी एक पान लिहून नेलं. सही केली, तारीख घातली. दादाचा परवाना सोबत ठेवला, माझा पंच त्यावर. साहेबांनी वाचलं, दोनदा. मग ते माझ्या टेबलाशी आले. बेकरीवाली आधीच बसली होती. त्यांनी पान वाचून दाखवलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. कातरीकडे पाहिलं. मग हात टेबलावर ठेवला.

कडं सरकलं.

साबण नाही, तेल नाही. तिनं हात जरा तिरका केला आणि ते तिच्या बोटांच्या पेरांवरून उतरून टेबलावर आलं, जणू तिथंच ठेवलेलं होतं. मनगटावर हिरवी रेघ नव्हती. काहीच नव्हतं. लहान मुलाच्या मनगटासारखं.

"अगं बाई," ती म्हणाली.

साहेबांनी कडं यंत्रात ठेवलं. आकडा आला. त्यांनी काच पुसली, पुन्हा ठेवलं. मग आतल्या बाजूनं खरवडून घेतलं, वजन केलं, भट्टीत घातलं. दोन तास गेले. कोणी जेवायला उठलं नाही. मी तोंड मिटून बसले होते. तोंडात तांब्याची चव आता चव राहिलीच नव्हती, सगळं तोंडच तांब्याचं होतं.

साहेब परत आले तेव्हा त्यांनी मला नेहमीसारखं बाई म्हटलं नाही.

"मावशी," ते म्हणाले, "नऊशे सोळा पॉइंट शून्य. भट्टीतही. यंत्रातही. मी उभ्या आयुष्यात पॉइंट शून्य पाहिलेलं नाही. काहीतरी खालीवर होतंच."

"सोमवारी ते साडेसातशे होतं."

"नोंद कुठंय?"

नोंद नव्हती.

"मग मी काय करू?" त्यांचा आवाज खाली आला होता. "चार कलमं आहेत. चारही खोट्या ठशाची आहेत. खऱ्या ठशाला कलम नाही." त्यांनी माझं पान घडी करून माझ्या हातात दिलं, त्यावर पंच ठेवला, परवाना ठेवला. कडं मात्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बेकरीवालीपुढं धरलं.

मी कागद करून दिला. प्रत्येक शब्द खरा होता. सोमवारची ओळ नोंदवहीत अजून रिकामी आहे.

जाताना बेकरीवाली दाराशी थांबली. "ताई, तुम्ही हसत का नाही हो?"

हिरवी रेघ त्या संध्याकाळी गेली. चवही गेली. दात तसाच पिवळा, तसाच चमकणारा. मी म्हटलं, चला, संपलं.

तीन महिन्यांनी निवृत्त झाले. त्या दिवशी पंच परत घेतात. वापरातून गेलेला पंच कुणाच्या हाती लागू नये म्हणून सगळ्यांसमोर ऐरणीवर ठेवून ठेचतात. साहेबांनी हातोडा मलाच दिला. चार घावांत त्रिकोण गेला, बोथट कोपऱ्यासकट. सपाट लोखंड राहिलं. भाषणं झाली. मी सगळ्यांचे आभार मानले, तोंडावर हात ठेवून.

घरी येऊन चूळ भरली. जीभ दाताच्या आतल्या बाजूला गेली.

काहीतरी टोचलं.

जीभ पुन्हा नेली. एक वाटोळं. त्याच्या शेजारी एक वाटोळं. त्याच्या शेजारी आणखी एक.

मी मेणबत्तीचं मेण मऊ केलं, दाताच्या मागे दाबलं, गार होऊ दिलं. काढून खिडकीशी नेलं. अजून उजेड होता. भिंग लावलं.

आधी पान.

मग तीन शून्यं, हजारात एकही भाग सोनं नाही. असा पंच जगातल्या कुठल्याच कचेरीत नाही. लागणार कुणाला?

मग त्रिकोण. एक कोपरा बोथट.

जुन्या ठशाच्या कडा झिजून गुळगुळीत होतात. नव्याच्या टोचतात, दोन-चार दिवस. हा अजून टोचत होता.